गावाचा तिसरा वाटा

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध मांडवी उभी आहे. चारही बाजूंना तीन-तीन कमानी असलेल्या या चौकोनी वास्तूपासून चार रस्ते फुटतात आणि लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या चार दरवाजांकडे जातात. मांडवीच्याच परिसरात बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह देऊन त्याचा पाया घातला. तिथली पोलादी मांडणी आणि वरच्या मजल्यावरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून बसवलेल्या काचेच्या जमिनी यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला मात्र त्या इमारतीपेक्षा तिच्या आधाराने संस्थानाच्या खेड्यापाड्यांत उभी राहिलेली शेकडो वाचनालये अधिक महत्त्वाची वाटतात. ती पगारी नोकरांनी चालवलेली नव्हती. गावातला शिक्षक, चार वाचती माणसे, वर्गणी देणारे शेतकरी आणि व्यापारी यांनी ती चालवली. आपापल्या फावल्या वेळात, मोबदल्याविना एखादी सार्वजनिक वस्तू वर्षानुवर्षे सांभाळायची असेल तर काय लागते, हा आज ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगाला छळणारा प्रश्न आहे. बडोद्याने तो शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांच्या बाबतीत हाताळला होता.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो असे सॉफ्टवेअर. आपल्या फोनमधली अँड्रॉइड प्रणाली ज्यावर उभी आहे ते लिनक्स, बँकेच्या संकेतस्थळाशी होणारे आपले बोलणे कुलूपबंद ठेवणारे ओपनएसएसएल, ज्यात आज असंख्य विद्यार्थी पहिली आज्ञावली लिहितात ती पायथन भाषा, हे सगळे याच जातीचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की यामागे हजारो हात असतील. काही ठिकाणी असतातही. पण ब्राझीलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या १३३ लोकप्रिय प्रकल्पांची तपासणी केली, तेव्हा साधारण ६५ टक्के प्रकल्पांत दोन किंवा त्याहून कमी माणसे बाजूला झाली तर काम ठप्प होईल असे दिसले. ओपनएसएसएलची कथा याहून बोलकी आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला आणि जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. तोवर या कोडवर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता आणि प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या. जगाचा व्यवहार ज्याच्यावर चालतो ते कुलूप मूठभर माणसांच्या रात्रीच्या जागरणावर टिकून होते.

अशा वेळी सहज दिले जाणारे उत्तर असे, की लोकांत पूर्वीसारखी तळमळ राहिलेली नाही. सगळ्यांना फुकट वापरायचे असते, द्यायचे कोणालाच नसते. हे निदान मला पटत नाही, कारण उपलब्ध पुरावा त्याच्या उलट बोलतो. इंग्रजी विकिपीडियाचेच पाहा. तिथे सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचली आणि मग उतरू लागली. एरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या उतरणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचे प्रमाण फारसे घटले नव्हते. बदलले होते ते त्यांचे स्वागत. खोडसाळपणा रोखण्यासाठी जुन्या संपादकांनी अर्धस्वयंचलित साधने आणि नियमांचे जाळे उभारले, आणि त्या जाळ्यात प्रामाणिक नवखेही अडकू लागले. पहिलेच लेखन क्षणात पुसले गेलेला माणूस पुन्हा फिरकत नसे. म्हणजे दारापर्यंत माणसे येत होती. त्यांना आत घेऊन बसवायला, समजावून सांगायला कोणाला सवड नव्हती.

सवड नसण्याचे कारण या कामाच्या स्वभावात आहे. सॉफ्टवेअरमध्ये नवे काही घडवण्याचा आनंद मोठा असतो आणि त्यासाठी माणसे आपणहून येतात. पण नवा कोड जोडला गेला की त्याच्यामागे कामांची एक शेपटी लागते. त्याची तपासणी करायची, त्याने जुने काही मोडले का ते पाहायचे, त्याचा दस्तऐवज लिहायचा, प्रत्येक रिलीजच्या वेळी सगळे एकत्र बांधायचे, तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्याला दहाव्यांदा उत्तर द्यायचे, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून निघून गेलेल्या भागातला बग शोधायचा. या कामांना ना कौतुक ना शेवट. मेंटेनर म्हणवला जाणारा माणूस हळूहळू या शेपटीखाली गाडला जातो. एक स्वयंसेवक नवा आला की त्याच्या कामाची तपासणी वाढते, म्हणजे मेंटेनरचे ओझेही वाढते. म्हणून निव्वळ अधिक माणसे बोलावणे हा उपाय अनेकदा दुखणे वाढवतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: स्वयंसेवकांचा संघ त्यांच्या उत्साहाने उभा राहतो हे खरे, पण तो टिकायचा असेल तर कंटाळवाणी, पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे कोणीतरी ठरवून, नेमून, शक्य तिथे पगार देऊन उचलावी लागतात, आणि ती उचलताना स्वयंसेवकाचा स्वतःचा वाटा मात्र कधीही माफ करता कामा नये. बडोद्याची ग्रंथालय चळवळ या दोन्ही अर्ध्यांचा पुरावा देते.

त्या चळवळीची सुरुवात दरबारातून झाली असा समज आहे, तो पुरता खरा नाही. चरोतर भागातले शिक्षक मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३–१९३९) यांनी आधीच मित्रमंडळांमार्फत लहान वाचनालये काढायला सुरुवात केली होती. चार मित्रांनी वर्गणी काढायची, वर्तमानपत्रे आणि थोडी पुस्तके आणायची, गावाला वाचायला द्यायची, असा तो साधा घाट. याच सुमारास, १९०६ मध्ये, सयाजीरावांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याचा पहिला प्रयोग अमरेलीत १८९३ मध्ये झाला होता. सक्तीने वाचायला शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचायला काहीच नसेल तर अक्षर विसरतो, हे दरबाराच्या ध्यानात आले आणि मित्रमंडळांच्या वाचनालयांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. इथे दरबाराला दोन सोपे मार्ग होते. एक, गावकऱ्यांचे चालले आहे ते चालू द्यायचे आणि शाबासकी देत राहायचे. दुसरा, सगळी वाचनालये खात्याच्या ताब्यात घेऊन प्रत्येक गावात एक कारकून नेमायचा. आजच्या ओपन सोर्स प्रकल्पांपुढेही हेच दोन मार्ग ठेवले जातात: एक तर सगळे स्वयंसेवेवर सोडा, नाही तर कंपनीच्या स्वाधीन करा. बडोद्याने दोन्ही नाकारले.

१९१० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथले ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना ग्रंथालय खाते उभारण्यासाठी बडोद्यात आणले गेले. १९१३ पर्यंत ते इथे होते. खात्याने जी योजना राबवली तिचा गाभा तीन वाट्यांचा होता. वाचनालयाच्या खर्चाचा एक वाटा गावाने उभा करायचा, दुसरा स्थानिक पंचायतीने द्यायचा, तिसरा दरबाराने. गावाचा वाटा जमला नाही तर बाकीचे दोन नाहीत. वरवर पाहता ही पैसे वाचवण्याची युक्ती दिसते. मला ती त्याहून फार खोल वाटते. वर्गणी गोळा करायची म्हणजे गावात चार घरे फिरावे लागते, हिशेब ठेवावा लागतो, कोणावर तरी विश्वास टाकावा लागतो. म्हणजे पैसा हातात येण्याआधी माणसांची एक मंडळी तयार झालेली असते. दरबाराचा पैसा मग त्या मंडळीला मिळतो, नुसत्या इमारतीला किंवा कपाटाला मिळत नाही. ज्याने स्वतःच्या खिशातून काही दिले तो वाचनालयाचे दार वेळेवर उघडले का हे पाहायला येतो. ओपन सोर्समध्ये पैशाच्या जागी वेळ असतो, एवढाच फरक. एखादी कंपनी वा सरकारी खाते स्वतःच सगळा कोड लिहून तो लोकांपुढे खुला ठेवते आणि मग सहभाग मिळत नाही म्हणून निराश होते, याचे कारण इथे सापडते. लोकांचा वाटा मागितलाच नव्हता. जे पूर्ण बांधून हातात दिले त्याची देखभाल करायला माणूस का येईल?

पण गावाचा वाटा मागून बडोदे थांबले नाही, आणि मला वाटते यशाचे खरे मर्म दुसऱ्या बाजूला आहे. गावात वाचनालय चालवणारा बहुधा प्राथमिक शिक्षक. त्याला वाचनाची आवड होती, लोकांत वजन होते. पण पुस्तकांचे वर्गीकरण कसे करायचे, नोंदवही कशी ठेवायची, कोणती पुस्तके मागवायची, ती स्वस्तात कुठून मिळतील, हे त्याला कोण सांगणार? या सगळ्याचा भार मध्यवर्ती खात्याने घेतला. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण पद्धत आखली. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातला हा अशा तऱ्हेचा पहिला प्रयत्न मानला जातो. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. गावोगावच्या चालकांना दुसरीकडे काय चालले आहे ते त्यातून कळे. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या भरून खेड्यांत पाठवल्या जात; एका गावाने वाचलेली पेटी परत येई आणि नवी जाई, वाहतुकीचा खर्च दरबाराचा. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि चित्रपट दाखवणारी शाखा होती. मराठी आणि गुजरातीत वाचण्यासारखे पुरेसे ग्रंथ नाहीत असे दिसले तेव्हा श्री सयाजी साहित्यमालेतून ते लिहवून घेतले गेले. मोतीभाईंनी पुढे पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ काढले, ते वाचनालयांना लागणारी पुस्तके आणि सामान पुरवी. यातले एकही काम गावच्या शिक्षकाने एकट्याने करण्यासारखे नव्हते, आणि त्यातले प्रत्येक काम त्याच्यावर पडले असते तर वर्षभरात त्याने हात टेकले असते. खात्याने त्याला फक्त तेवढेच काम उरू दिले जे त्याच्याशिवाय दुसरा कोणी करू शकत नव्हता: आपल्या गावातल्या माणसाला पुस्तकापर्यंत आणणे.

सॉफ्टवेअरमध्ये याचे जुळे शोधायला फार दूर जावे लागत नाही. नवख्याला पहिला पॅच पाठवण्यापूर्वी आपल्या संगणकावर प्रकल्प बांधता यावा लागतो. त्याला चार तास लागणार की दहा मिनिटे, यावर तो पुढे राहणार की नाही हे ठरते. चाचण्या आपोआप चालल्या पाहिजेत, म्हणजे तपासणाऱ्याने क्षुल्लक चुका दाखवण्यात शक्ती घालवायला नको. कोणत्या भागाची जबाबदारी कोणावर, हे लिहून ठेवलेले असले पाहिजे. लिनक्सच्या कोडमध्ये 'मेंटेनर्स' नावाची फाइलच असते, ती याचसाठी. भाषांतराच्या कामात तर हे फार जाणवते. लिनक्सचा पडदा आणि फायरफॉक्ससारखी सॉफ्टवेअरे मराठीत आणणाऱ्यांना सुरुवातीलाच अडचण आली ती शब्दांच्या एकवाक्यतेची: एकाने फोल्डरला एक शब्द वापरायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि वापरणाऱ्याने गोंधळून इंग्रजीकडे परत जायचे. २००८ मध्ये पुण्यात रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने 'फ्युएल' नावाचा उपक्रम सुरू झाला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या काही शे शब्दांची यादी करून भारतीय भाषांत त्यांचे प्रतिशब्द एकत्र बसून ठरवायचे, एवढेच त्याचे काम. हे काम दिसायला अगदी रूक्ष आहे. पण एकदा ती यादी झाली की पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराचा तेवढा वाद वाचतो. बॉर्डन यांच्या वर्गीकरणाचे गावच्या शिक्षकाला जे मोल, तेच या यादीचे भाषांतरकाराला.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: बडोद्याला राजा होता. खजिना मोकळा करणारा सयाजीरावांसारखा द्रष्टा प्रत्येक प्रकल्पाच्या नशिबी कुठून येणार? आक्षेप खरा आहे, पण जेवढा वाटतो तेवढा मोठा नाही. लिनक्सच्या गाभ्याचेच घ्या. लिनक्स फाउंडेशनच्या २०१३ च्या अहवालानुसार गाभ्यात होणारे ८० टक्क्यांहून अधिक काम करणाऱ्यांना त्या कामाचा पगार कुठल्या ना कुठल्या कंपनीकडून मिळत होता. एक राजा नाही, पण अनेक सरदार आहेत, आणि स्वयंसेवकांना आजही तिथे जागा आहे. उलट टोकाला लिनक्सवर आधारलेली संपूर्ण प्रणाली घडवणारा डेबियन हा प्रकल्प आहे. १९९३ पासून तो चालू आहे, त्याच्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नाही आणि काम करणारे बहुतांशी विनामोबदला करतात. मग डेबियनने माझे म्हणणे खोटे पाडले का? त्याची कार्यपद्धती पाहिली तर नाही. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला नावानिशी जबाबदार माणूस किंवा गट असतो, प्रकल्पप्रमुखाची दरवर्षी निवडणूक होते, नव्या सदस्याला आत घेण्याची लेखी पायरीवार पद्धत आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: ज्याला पुढे झेपत नाही त्याने पॅकेज रीतसर 'अनाथ' जाहीर करायचे किंवा दत्तक घेणारा हवा अशी नोंद करायची, त्यासाठी वेगळी यादी आहे. मान खाली न घालता बाहेर पडण्याची ही सोय आहे. पैशाने जे काम बडोद्यात झाले ते इथे नियमांनी आणि वाटणीने झाले. कंटाळवाणे काम मात्र दोन्हीकडे कोणाच्या तरी नावावर आहे. प्रकल्प मरतात ते कंटाळवाणे काम कोणाच्याच नावावर नसते, किंवा सगळे एकाच नावावर असते, तेव्हा.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पैसा आला की सेवाभाव जातो, असे म्हणणारी माणसे केवळ भाबडी नाहीत. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानावर ग्रंथ लिहून हाच मुद्दा मांडला होता: रक्त विकत घ्यायला लागले की फुकट देणाऱ्यांचे मन मागे सरते. एकाच कामासाठी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला पगार आणि दुसऱ्याला धन्यवाद, ही व्यवस्था खरोखर टिकत नाही. पण बडोद्यात पगार कोणाला मिळत होता ते पाहा. पेट्या भरणारे, नोंदी करणारे, शिकवणारे, तपासणीला गावोगाव हिंडणारे यांना तो होता. वर्गणी जमवणाऱ्या गावच्या मंडळीला तो नव्हता, आणि त्यांच्या कामाची नक्कल करणारा पगारी माणूस गावात बसवला गेला नाही. म्हणून मला प्रश्न पैसा द्यावा की न द्यावा असा वाटत नाही. तो कशासाठी दिला जातो याचा आहे. ज्या कामात आनंद आहे, प्रतिष्ठा आहे, शिकणे आहे, ते विकत घेऊ नये. ज्या कामात नुसती झीज आहे ते फुकट मागू नये. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसा जमवून ओपनएसएसएलसारख्या दुर्लक्षित प्रकल्पांना मदत देणारा उपक्रम सुरू केला, त्यात झीज भरून काढण्याचाच हेतू होता. तो संकटानंतर आला, याची खंत राहते.

तिसरा आक्षेप या दोन्हींहून गंभीर आहे आणि तो बडोद्याच्या इतिहासातूनच उठतो. गावाने आपला वाटा उभा करायचा, हे ठीक; पण गाव म्हणजे कोण? वर्गणी देऊ शकणारे, सभेत बोलू शकणारे, लिहिता-वाचता येणारे. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले. राजाची नेमणूक हातात होती, तरी या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून राहिलेल्या पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावले गेले आणि काही दिवसांतच बडोदे सोडावे लागले. ज्या संस्थानाने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या त्याच संस्थानाच्या राजधानीत हे घडले. दार कायद्याने उघडे असणे आणि माणसाला आत बसता येणे यांत केवढे अंतर असते, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही. ओपन सोर्सवाले 'सर्वांना मुक्त प्रवेश' असे म्हणतात तेव्हा हे उदाहरण विसरू नये. फावला वेळ ही सर्वांकडे सारखी असणारी गोष्ट नाही. दिवसभर नोकरी आणि मग घरचे सगळे करणारी बाई, स्वतःचा संगणक नसलेला विद्यार्थी, इंग्रजीत वाद घालताना अडखळणारा तरुण, यांच्यासाठी स्वयंसेवेचा नियम निःपक्ष नसतो. म्हणून वाटा मागायचा तो प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे मागावा लागतो, आणि केंद्राने उचलायच्या कामांत अपमान रोखण्याचे काम पहिले धरावे लागते. चर्चेत उर्मटपणे वागणाऱ्या हुशार माणसाला आवरणे हे काम कोणालाच आवडत नाही. ते कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे, तपासणी आणि रिलीज यांच्याइतकेच.

आता जबाबदारी सोपवण्याविषयी. संघ टिकवायचा तर नव्या माणसाला लवकर अधिकार द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण २९ मार्च २०२४ रोजी उघड झालेल्या एक्सझेड प्रकरणाने त्याची दुसरी बाजू दाखवली. फायली दाबून लहान करणारे हे छोटे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते आणि ते वर्षानुवर्षे एकच थकलेला मेंटेनर सांभाळत होता. टोपणनावाने आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास मिळवला. त्याच वेळी इतर अनोळखी नावे 'काम फार हळू चालले आहे, अधिकार दुसऱ्याला द्या' असा तगादा लावत होती. अधिकार मिळाल्यावर त्या नवागताने कोडमध्ये चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉग इन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून ती सापडली. यातून नव्यांवर विश्वास टाकू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हल्लेखोराने नेमका फायदा घेतला तो एकटेपणाचा आणि थकव्याचा. दोन-तीन माणसांनी मिळून सांभाळलेल्या, हळूहळू आणि सर्वांसमक्ष अधिकार देणाऱ्या प्रकल्पात हाच डाव टाकणे फार कठीण गेले असते.

बडोद्यात हस्तांतर झाले ते असे उघड्यावर. बॉर्डन तीन वर्षांत परतले. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खाते सांभाळले आणि १९१९ मध्ये या चळवळीचा इतिहासही लिहून ठेवला. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर न्यूटन मोहन दत्त आले. माणसे बदलली तरी पेट्या जात राहिल्या, कारण पद्धत कोणा एकाच्या डोक्यात राहिलेली नव्हती. ती वर्गात शिकवली गेली होती, छापली गेली होती. मराठी वाचकाला दुसरे उदाहरण ओळखीचे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात ७ जुलै १९१० रोजी स्थापन झाले, म्हणजे बडोद्याच्या ग्रंथालय खात्याच्याच वर्षी. संस्थापकांत वि. का. राजवाडे होते, आणि त्यांच्या तोलाचा कागदपत्रे जमवणारा दुसरा नव्हता. पण राजवाड्यांचे मंडळाशी बिनसले, ते दूर झाले. मंडळ मात्र राहिले, कारण द. वा. पोतदारांसारख्यांनी पत्रव्यवहार, सभा, छपाई, जतन हे रोजचे काम अनेक दशके ओढले. प्रतिभावंत संस्थापकाचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पायथन भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, तेव्हा त्या समुदायाने पर्यायांवर चर्चा करून मतदान घेतले आणि पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ नेमले. जनक हयात आणि सल्ल्याला उपलब्ध असताना ही व्यवस्था बसवता आली, हे त्यांचे भाग्य.

बडोद्याच्या रचनेत एक उणीव होती ती लपवण्यात अर्थ नाही. पेट्या, वर्ग, नियतकालिक, अनुदान, सगळ्याचा शेवटचा आधार एकच दरबार होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हे खाते ज्याचे होते ते राज्यच उरले नाही. एका दात्यावर उभे असलेले केंद्र त्या दात्याच्या नशिबाशी बांधलेले असते. कंपनीने आज पोसलेला प्रकल्प उद्या तिचे धोरण बदलताच उघड्यावर पडतो, तो याच कारणाने. मोतीभाईंचे सहकारी मंडळ मला म्हणूनच त्या सबंध योजनेतला सर्वांत दूरदृष्टीचा भाग वाटतो. केंद्राचे काम करणारी संस्था ज्यांच्यासाठी काम करते त्यांच्याच सहकारातून उभी करायची, ही कल्पना चरोतरच्या मातीतली आहे. ओपन सोर्सच्या जगात तिचा वापर अजून फार तोकडा आहे.

मराठीपुरते बोलायचे तर ही चर्चा दूरची नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया, मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट, शुद्धलेखन तपासणी, ब्राउझर आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरचे मराठीकरण, मराठी बोलणे ओळखणाऱ्या यंत्रांसाठी आवाजाचे नमुने गोळा करणे, यातले बरेचसे काम स्वयंसेवकांवर चालते. दर रिलीजला इंग्रजीत नवी वाक्ये येतात आणि भाषांतर करणारा एखादा जरी थांबला तरी पडद्यावर मराठीच्या मधोमध इंग्रजी ठिगळे दिसू लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्यामागोमाग भाषेसाठी निधी, योजना, समित्या येतील तेव्हा नवे अ‍ॅप किंवा नवे संकेतस्थळ बांधून उद्घाटन करण्याचा मोह फार होईल. त्याऐवजी राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी, विद्यापीठांनी आणि बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांनी आधीच चालू असलेले प्रकल्प निवडावेत आणि प्रत्येकात एका माणसाचा निम्मा वेळ विकत घ्यावा. नवख्यांच्या प्रश्नांना दोन दिवसांत उत्तर, आलेल्या कामाची तपासणी, प्रतिशब्दांच्या यादीची देखभाल आणि वर्षातून दोनदा शिकवणीचा वर्ग, एवढी चारच कामे त्याच्याकडे असावीत. भाषांतर करण्याचे काम त्याच्याकडे नसावे. आणि निधीची अट जुनीच ठेवावी: प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी आपला वाटा, कामाच्या रूपाने, आधी दाखवला पाहिजे. पैसे दोन-तीन ठिकाणांहून यावेत, म्हणजे एकाने हात आखडला तरी वर्ग बंद पडणार नाही. अशा एका माणसाच्या निम्म्या वेळाचा वर्षभराचा खर्च एखाद्या दोन दिवसांच्या परिषदेच्या मांडवाइतकाही येणार नाही.